रिपीटचा रकाना: स्तनकर्करोग तपासणी कार्यक्रमाच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
संचालक आणि सल्लागार समितीचे सर्व सदस्य,
सार्वजनिक स्तनकर्करोग तपासणी कार्यक्रम

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे, म्हणजे स्तनांचे क्ष-किरण फोटो काढणारी. बावीस वर्षं हेच काम करते आहे, आधी रुग्णालयात आणि आता आपल्या कार्यक्रमाच्या फिरत्या व्हॅनमध्ये. या विषयावर आपल्या कार्यालयाला मी दोन पत्रं पाठवली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही आली नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर लिहिते. आपल्या बोलावण्यावर विश्वास ठेवून ज्या बायका माझ्या मशिनसमोर येऊन उभ्या राहतात, त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

निमित्त नव्या परिपत्रकाचं आहे. एका मशिनवर दिवसाला किती तपासण्या झाल्या पाहिजेत, तो आकडा त्यात वाढवला आहे. पुन्हा काढाव्या लागलेल्या फोटोंचं, म्हणजे आमच्या भाषेत रिपीटचं, प्रमाण यापुढे टेक्निशियनच्या वार्षिक मूल्यमापनात धरलं जाणार आहे. आणि प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचायचा, ही पद्धत आता ‘मनुष्यबळ उपलब्ध असेल तेथे’ एवढ्यावर आली आहे. कागदावर तिन्ही गोष्टी शिस्तीच्या दिसतात. मशिनच्या बाजूने त्या कशा दिसतात ते सांगण्यासाठी हे पत्र.

पण इतरांकडे बोट दाखवण्याआधी माझी चूक सांगते.

त्या दिवशीची ती छत्तिसावी. पन्नाशी ओलांडलेली, उजवा खांदा आखडलेला. एमएलओ, म्हणजे तिरका फोटो काढताना बाईचा हात मशिनच्या कडेवर टेकवायचा, तिला खांदा सैल सोडायला लावायचा, आणि स्तन मुळापासून उचलून पुढे ओढून घ्यायचा. मग दाबाची पट्टी खाली आणायची आणि ती अर्धी उतरेपर्यंत आपला हात काढायचा नाही, नाहीतर सगळं खाली घसरतं. चित्रात छातीचा स्नायू निदान स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे, आणि तळाशी स्तन जिथे पोटाच्या कातडीला मिळतो ती घडी उघडी, सुटी दिसली पाहिजे. या दोन खुणा दिसल्या की मागचा भाग आत आला असं समजायचं.

तिचा खांदा सैल होईना. फोटो घेतला. स्नायू वरच संपला होता आणि खालची घडी चित्रात नव्हतीच. मॉनिटरवर मला ते दिसलं. बाहेर नऊ जणी थांबल्या होत्या. त्या महिन्यात माझ्या रिपीटच्या रकान्यात आधीच बऱ्याच नोंदी पडल्या होत्या, आणि आदल्याच आठवड्यात सुपरव्हायझरनी वही उघडून त्यावर बोट ठेवलं होतं. मी ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं आणि तिला म्हटलं, “झालं, या आता.”

तिला पत्र गेलं. नॉर्मल, पुढची तपासणी दोन वर्षांनी.

चौदा महिन्यांनी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. उजव्या स्तनाच्या अगदी तळाशी, घडीच्या जरा वर. पुढच्या तपासण्यांसाठी ती आली तेव्हा मी तिथेच ड्युटीवर होते. पत्र तिने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं. रागावली नाही. “तुम्ही म्हणाला होतात ना, झालं म्हणून,” एवढंच म्हणाली. संध्याकाळी मी तिचा जुना फोटो उघडून बसले. तिच्या फाइलवर पुढे शेरा पडला: ‘मागील मॅमोग्राममध्ये दोष आढळत नाही.’ शेरा खोटा नाही. जो भाग चित्रात आलाच नाही, त्यात दोष आढळणार कसा? गाठ तेव्हा तिथे होती की नव्हती, हे आता जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट सांगू शकत नाही. सीसी, म्हणजे वरून घेतलेल्या फोटोत तळाचा तो कोपरा बहुधा सुटतोच.

चूक माझी होती आणि ती मी नाकारत नाही. पण त्या दिवशी मला ती करायला सोपी गेली, हे आपल्या रकान्यांमुळे. नव्या परिपत्रकाने ती आणखी सोपी होणार आहे.

आता रिपीटविषयी. तपासणीच्या दर्जाबद्दलच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांची चौथी आवृत्ती 2006 मध्ये आली. तांत्रिक कारणाने फोटो पुन्हा काढावे लागण्याचं प्रमाण 3 टक्क्यांच्या आत असावं, शक्यतो 1 टक्क्याच्या आत, असं ती सांगते. परिपत्रकातली आपली मर्यादा तिथूनच आली असावी. मर्यादेला माझी हरकत नाही. प्रत्येक रिपीट म्हणजे बाईला पुन्हा दाब आणि पुन्हा क्ष-किरण. पण त्याच सूचनांमध्ये फोटोंचा दर्जा तपासण्यावर पानंच्या पानं आहेत, ती परिपत्रकात आली नाहीत. रिपीट कमी असण्याला दोन कारणं असू शकतात. एक तर हात चांगला, नाहीतर नजर वळवलेली. नुसत्या आकड्यावरून यातलं कुठलं कारण खरं ते कळत नाही. त्यासाठी कोणीतरी फोटो उघडून पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये फोटोंची उत्कृष्ट, चांगला, मध्यम आणि अपुरा अशा चार प्रतींत वर्गवारी करायची पद्धत रुजली आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. स्तनाग्र बाजूने नीट दिसतं का, स्नायू किती उतरला, घडी सुटली का, कातडीला चुण्या पडल्या का, फोटो हलला का, हे सगळं तीत पाहतात. आपल्याकडे असं कोणी शेवटचं कधी पाहिलं? माझे फोटो गेल्या सहा वर्षांत एकदाही कोणी असे काढून पाहिलेले नाहीत. रिपीटचा रकाना मात्र दर महिन्याला पाहिला जातो.

रिपीट शून्य असलेला टेक्निशियन मला दाखवा, त्याच्याच मशिनमधून मी आपल्याला अपुऱ्या फोटोंचा गठ्ठा काढून दाखवते.

वेळेचंही तेच. लोकांना वाटतं, बटण दाबलं की फोटो. बटण दाबायला सेकंदही लागत नाही. वेळ जातो तो बाईचं अंग सैल होण्यात. पहिल्यांदा आलेली, लाजलेली, कुणीतरी ‘फार दुखतं’ म्हणून घाबरवलेली बाई दोन मिनिटांत खांदा सोडत नाही. दाब नीट दिला नाही तर आतले थर एकमेकांवर राहतात, किरण जास्त लागतात आणि फोटो किंचित हलतो. किंचित हललेल्या फोटोत सगळ्यात आधी पुसले जातात ते कॅल्शियमचे बारीक पांढरे ठिपके, मिठाच्या कणाहूनही लहान. कॅन्सर दुधाच्या नळ्यांबाहेर पडायच्या आधी पुष्कळदा हीच त्याची एकमेव खूण असते. व्हीलचेअरवरून आलेली बाई, पाठीला बाक आलेली बाई, एका बाजूने लुळी पडलेली बाई, यांना आपल्या नव्या वेळापत्रकात जागाच नाही. त्यांना कोणी नाही म्हणणार नाही. त्यांचे फोटो फक्त अर्धवट निघतील, आणि अर्धवट फोटोवर पूर्ण अहवाल जाईल.

मशिनबद्दल थोडक्यात. सकाळी पहिली बाई आत येण्याआधी फँटमचा फोटो काढायचा असतो. फँटम म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा. त्याच्या आत नायलॉनचे धागे, ठिपक्यांचे पुंजके आणि गाठीसारखे गोल बसवलेले असतात, क्रमाने बारीक होत गेलेले. फोटोत ठरलेल्या संख्येइतके दिसले तर मशिन ठीक, नाही दिसले तर काम थांबवायचं. व्हॅनमध्ये याचं महत्त्व दुप्पट, कारण यंत्र रोज रस्त्यावरचे धक्के खाऊन आलेलं असतं. मध्यंतरी एकदा सलग तीन दिवस शेवटचा पुंजका दिसत नव्हता. मी नोंद केली, कळवलं. उत्तर आलं, इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येईल, तोवर ‘काम थांबवू नये’. त्या आठवड्यातल्या बायकांना नंतर पुन्हा बोलावलं का? नाही. आपल्या मासिक अहवालात त्या सगळ्या ‘तपासणी पूर्ण’ या सदरात आहेत. अमेरिकेतही एकेकाळी दर्जा असाच वाऱ्यावर होता. शेवटी 1992 मध्ये मॅमोग्राफीच्या दर्जाचा स्वतंत्र कायदा झाला आणि ऑक्टोबर 1994 पासून प्रमाणपत्राशिवाय मॅमोग्राफी केंद्र चालवायला तिथे मनाई झाली. दरवर्षी निरीक्षक येऊन मशिन, नोंदी आणि माणसांची पात्रता तपासतात. आपल्याकडे निरीक्षक येतात ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, फुगे नीट लागलेत का ते बघायला. टोमणा मारल्याबद्दल माफ करा, पण तो अनुभवातून आला आहे.

दुहेरी वाचनाचा मुद्दा माझ्या कामाच्या पलीकडचा आहे असं आपण म्हणाल. तसा तो आहेही. पण रिपोर्टिंगच्या खोलीत रोज फोटो पाठवणारी मी आहे, आणि आत काय चाललंय ते मला दिसतं. हजार तपासण्यांमागे कॅन्सर सापडतो तो जेमतेम पाच ते दहा बायकांत. म्हणजे डॉक्टर सकाळपासून शंभर-दीडशे बायकांचे स्वच्छ फोटो पाहतात, आणि त्या दीडशेत एखादा असतो, कधी एकही नसतो. इतका वेळ ‘काही नाही’ पाहिलेल्या डोळ्याला नेमकं त्या एकाच्या वेळी ‘काही आहे’ हे दिसायला हवं. चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरचीही नजर इथे एखादा सोडते. म्हणून दुसऱ्याने पहिल्याचं मत न पाहता वाचायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याने निवाडा करायचा, ही पद्धत युरोपात रूढ झाली. वाचणाऱ्याचा सराव राहावा म्हणून त्याने वर्षाला किमान 5000 तपासण्या वाचाव्यात, अशीही अपेक्षा 2006 च्या त्या युरोपीय सूचनांत आहे. आपल्या यादीत आठवड्यातून एक दुपार येऊन वाचणारेही आहेत. त्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण ज्या गोष्टीला रोजचा सराव लागतो, तिला तो लागतोच.

आता दुसऱ्या डॉक्टरच्या जागी सॉफ्टवेअर आणायचा विचार आहे असं ऐकते. आणायला माझी हरकत नाही. स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. 80,000 हून अधिक बायका तीत होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने वाचनाचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. पण ते काम कसं कमी केलं तेही बघा. सॉफ्टवेअरने कमी जोखमीचे ठरवलेले फोटो एका डॉक्टरने वाचले आणि सर्वांत जास्त जोखमीचे दोघांनी. माणसाने पाहिल्याशिवाय एकही फोटो सुटला नाही. आणि हे त्यांनी आधी चाचणी म्हणून केलं, मोजून, तुलना करून. आपण थेट परिपत्रक काढलं. शिवाय जो भाग फोटोत नाही तो सॉफ्टवेअरलाही दिसत नाही. माझा त्या दिवशीचा फोटो त्यानेही निमूट पास केला असता.

आता ज्या तक्रारीपायी मी खरं तर लेखणी उचलली तिच्याकडे येते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात सापडणारे कॅन्सर. इंग्रजीत त्यांना इंटरव्हल कॅन्सर म्हणतात, आपल्या अहवालात त्यांचं नावही नाही.

तपासणी कार्यक्रम किती चांगला आहे हे किती बायका आल्या यावरून कळत नाही. किती कॅन्सर सापडले यावरूनही पुरतं कळत नाही. नॉर्मल म्हणून घरी पाठवलेल्या किती जणींना पुढच्या बोलावण्याआधीच कॅन्सर झाला, हे मोजल्यावर ते कळतं. तपासणी नसती तर जेवढे कॅन्सर झाले असते, त्यांच्या तुलनेत हे मधले कॅन्सर पहिल्या वर्षात 30 टक्क्यांपेक्षा आणि दुसऱ्या वर्षात 50 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असा युरोपीय सूचनांचा दंडक आहे. म्हणजे चांगल्यात चांगल्या कार्यक्रमातही ते असतातच. काही कॅन्सर झपाट्याने वाढतात, काही दाट, म्हणजे फोटोत बरेचसे पांढरे दिसणाऱ्या स्तनांत लपतात, आणि फोटो उत्तम असूनही दिसत नाहीत. त्यात कोणाचा दोष नसतो. पण जुने फोटो पुन्हा काढून पाहिले की त्यातले काही असे निघतात की खूण तेव्हाही होती, फक्त सुटली. आणि काही माझ्यासारखे, ज्यांत बघायला भागच नव्हता. हे तीन ढीग वेगळे केल्याशिवाय शिकायचं काय आणि कोणी?

त्यासाठी तपासणीची यादी आणि कर्करोग नोंदणीची यादी एकमेकांशी ताडून पाहावी लागते. दोन्ही याद्या आपल्याकडे आहेत. दोन वेगळ्या विभागांकडे आहेत, एवढीच अडचण. मी बैठकीत विचारलं होतं. ‘गोपनीयतेचा प्रश्न आहे’ असं उत्तर मिळालं. बोलावण्याचे एसएमएस पाठवायला याच बायकांचे नंबर बाहेरच्या कंपनीला देताना तो प्रश्न कोणाला पडला नव्हता.

मोजणं हा अर्धा भाग झाला, सांगणं हा उरलेला अर्धा. आयर्लंडमध्ये 2018 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी कार्यक्रमात जे उघड झालं ते आपल्याला माहीत असेल. कॅन्सर झालेल्या दोनशेहून अधिक बायकांचे जुने नमुने पुन्हा तपासले गेले होते, आणि आधीचं वाचन चुकलं होतं हे कळूनही बहुतेकींना ते सांगितलंच गेलं नव्हतं. पडताळणी करणं योग्यच होतं. पण निकाल फाइलमध्ये दडवल्यामुळे अख्ख्या कार्यक्रमावरचा विश्वास ढासळला. माझ्या त्या बाईला आजवर कोणी सांगितलेलं नाही की तिचा जुना फोटो अपुरा होता. मी सांगायला निघाले तेव्हा ‘कायदेशीर बाबी आहेत’ म्हणून मला थांबवण्यात आलं. मी थांबले. तेही चुकलंच.

पाठवल्या जाणाऱ्या पत्राबद्दल दोन शब्द. ‘वेळीच तपासणी, हमखास बचाव’ हे वाक्य काढून टाका. 2012 मध्ये ब्रिटनमधल्या स्वतंत्र समितीने हिशेब मांडला. पन्नाशीच्या 10,000 बायकांना वीस वर्षं तपासणीला बोलावलं तर स्तनकर्करोगाने होणारे 43 मृत्यू टळतात, आणि 129 जणींना असा कॅन्सर सापडतो जो एरवी त्यांना आयुष्यभर त्रास देता ना. उपचार मात्र त्यांनाही होतात. हे वाचून काही बायका येणार नाहीत, ही आपली भीती मला माहीत आहे. मी स्वतः दर दोन वर्षांनी तपासणी करून घेते आणि पुढेही करून घेईन. पण सगळं ठाऊक असून मी जाते. बाकीच्यांना ठाऊक करून न देता बोलावायचं हे मला पटत नाही. पत्रात ‘नॉर्मल’च्या खाली एक ओळ घाला: मधल्या काळात गाठ, खड्डा, स्तनाग्रातून रक्त किंवा आकारात फरक जाणवला तर पुढच्या बोलावण्याची वाट पाहू नका. एवढ्या एका ओळीने चौदा महिन्यांनी गाठ लागलेली ती बाई दोन महिने आधी आली असती की नाही, सांगता येत नाही. पण ती बाई मला म्हणाली होती की गाठ लागल्यावर पहिले दोन महिने ती गप्प राहिली. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून.

पुन्हा बोलावलेल्यांचं काय होतं, यावरही कोणी बोलत नाही. ज्या बाईच्या फोटोत काही संशयास्पद दिसलं ती पुढच्या तपासणीपर्यंत पोचली का, बायोप्सी झाली का, अहवाल हातात पडला का? जागतिक आरोग्य संघटनेने स्तनकर्करोगाच्या कामासाठी तीन उद्दिष्टं सांगितली आहेत. किमान 60 टक्के रुग्ण कॅन्सरच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, लक्षण घेऊन आलेल्या बाईचं निदान 60 दिवसांत व्हावं, आणि 80 टक्के बायकांचे उपचार पूर्ण व्हावेत. आपल्या मासिक अहवालात यातला एकही आकडा नाही. ‘पुन्हा बोलावलेल्या’ हे शेवटचं सदर, त्याच्या पुढे पान कोरं.

कोणी म्हणेल, मशिन, दुहेरी वाचन, नोंदणी ही श्रीमंत देशांची चैन आहे. तसं नाही. मुंबईत 1998 मध्ये सुरू झालेली आणि 2021 मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेली टाटा मेमोरियलची चाचणी मॅमोग्राफीची नव्हतीच. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका हाताने तपासत होत्या. दीड लाखाहून अधिक बायका, त्यातल्या साधारण निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी. कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. त्या सेविकांना आधी शिकवलं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवला. साधन साधं होतं, ते वापरण्यातली शिस्त साधी नव्हती. उलट उदाहरण कॅनडाचं. 1980 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या चाचणीत मॅमोग्राफीचा फायदा दिसला नाही, आणि तिथले फोटोच वाईट होते की निष्कर्षच खरा, यावर तज्ज्ञ कित्येक दशकं भांडत राहिले. फोटोचा दर्जा आधी पक्का केला नाही तर नंतर कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हेसुद्धा सांगता येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

रिपीटचं प्रमाण वैयक्तिक मूल्यमापनातून काढा. त्याऐवजी दर तिमाहीला प्रत्येक टेक्निशियनचे काही फोटो चिठ्ठ्या टाकून निवडा आणि बाहेरच्या जाणकाराकडून त्यांची प्रत ठरवून घ्या. ज्याचे कमी पडतील त्याला पुन्हा शिकवा. सुरुवात माझ्यापासून करा.

दिवसाच्या तपासण्यांचा आकडा ठरवण्याआधी व्हॅनमध्ये एक पूर्ण दिवस बसा. अपंग आणि वृद्ध बायकांसाठी दुप्पट वेळेची नोंदणी ठेवा. फोटो पूर्ण आला नसेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा आणि बाईलाही कळवा.

फँटम नापास झाला की मशिन बंद. हा अधिकार टेक्निशियनला लेखी द्या, वरून फोन करून तो काढून घेता येणार नाही असा.

दुहेरी वाचन सगळीकडे पुन्हा सुरू करा. माणसं नसतील तर फोटो दुसऱ्या केंद्राकडे पाठवा, फोटोला प्रवासभत्ता लागत नाही. सॉफ्टवेअर आणायचं तर आधी चाचणी घ्या आणि निष्कर्ष जाहीर करा.

दोन्ही याद्या ताडून मधल्या कॅन्सरचा आकडा दरवर्षी केंद्रवार प्रसिद्ध करा. फेरवाचनात जे निघेल ते त्या बाईला समोर बसवून, तिला कळेल अशा भाषेत सांगा.

पुन्हा बोलावलेल्या प्रत्येकीचं पुढे काय झालं, हे सदर मासिक अहवालात तपासण्यांच्या एकूण आकड्याच्या वर छापा.

यासाठी वेगळी तरतूद लागेल, मान्य आहे. ती नसेल तर बोलावणी कमी करा. कमी बायकांची नीट तपासणी व्हावी, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण ज्या वगळल्या जातील त्याही माझ्यासमोर येणाऱ्यांसारख्याच आहेत. तरीही अर्धवट फोटोवर ‘नॉर्मल’ लिहून पाठवण्यापेक्षा मला ते पत्करेल.

गेल्या तिमाहीत माझ्या रिपीटचं प्रमाण 4.6 टक्के होतं. आपल्या मर्यादेच्या वर. मूल्यमापनात त्यावर लाल खूण येईल. प्रत्येक रिपीटसमोर मी कारण लिहून ठेवलं आहे: घडी सुटली नाही, फोटो हलला, खांदा, पुन्हा खांदा. समितीतल्या कोणाला पाहायची असेल तर वही व्हॅनमध्ये मशिनच्या डाव्या हाताच्या कपाटात असते. कपाटाला कुलूप नाही.

आपली,
फिरत्या तपासणी पथकातील एक मॅमोग्राफी टेक्निशियन